लोक वाटेने जातात

रायगडच्या किनाऱ्यावरील कोणते ठिकाण गाजते, हे त्याच्या सौंदर्यापेक्षा तिथे पोहोचण्याची सोय ठरवते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, म्हणून तिथे सुटीच्या दिवशी रीघ लागते. तिथून जवळच, थळसमोरच्या समुद्रात शिवरायांनी १६७९ मध्ये उभारायला घेतलेला खांदेरी मात्र होडीशिवाय गाठता येत नाही; तिथे माणसे तुरळक. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, गाड्या थेट समुद्रापार येऊ लागल्या आणि पूर्वी केवळ उतरण्याचा धक्का असलेला मांडवाच मुक्कामाचे ठिकाण बनला.

यावर कुणी जंजिऱ्याचे नाव घेईल: तो दूर, शिडाच्या होडीतून जावे लागते, तरी गर्दी हटत नाही. खरे आहे. पण राजपुरीहून होड्यांची नियमित ये-जा आहे. अजिंक्य किल्ल्याच्या कीर्तीला ती जोड मिळाली आहे. खांदेरीला कीर्तीही आता लाभली: २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेवढ्याने पर्यटक येणार नाहीत. थळहून सुरक्षित, ठरावीक वेळेची होडी हवी, आणि ती चालवण्याचा पहिला हक्क तिथल्या कोळ्यांना द्यावा.