शेवटच्या आठवड्याचा गणिती

मारिओ मार्तोनेचा 'मोर्ते दि उन मातेमातिको नापोलेतानो', म्हणजे 'नेपल्सच्या एका गणितज्ञाचा मृत्यू', १९९२ साली व्हेनिसच्या महोत्सवात आला आणि परीक्षकांचा विशेष पुरस्कार घेऊन गेला. मार्तोने तोवर ओळखला जात होता तो रंगभूमीमुळे. तीस वर्षांनंतर हा चित्रपट पुन्हा पाहताना जाणवतं ते त्याने काय काय गाळलं हे.

चित्रपटातला हा गणितज्ञ, रेनातो काच्चोप्पोली, याचं आयुष्य पडद्यासाठी तयारच होतं. रशियन अराजकवादी बाकुनिनचा नातू, पट्टीचा पियानोवादक, सत्ताविसाव्या वर्षी पादोव्याला प्राध्यापक. मे १९३८ मध्ये हिटलर नेपल्सला आला, तेव्हा याने एका उपाहारगृहात वादकांकडून फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवून घेतलं आणि वर फॅसिझमविरुद्ध भाषण ठोकलं. अटक झाली. मावशी मारिया बाकुनिन रसायनशास्त्राची नामवंत प्राध्यापक. भाच्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं तिने पटवून दिलं आणि तुरुंगाऐवजी मनोरुग्णालय वाट्याला आलं. कुत्रे फिरवण्यावरच्या सरकारी फर्मानाची टर उडवायला तो कोंबड्याला दोरी बांधून फिरवायचा, असंही नेपल्समध्ये सांगतात.

मार्तोने आणि सहलेखिका फाब्रित्सिया रामोंदिनो यांनी या साऱ्या मसाल्याला पाठ दाखवली. त्यांनी उचलला त्याच्या आयुष्याचा, मे १९५९ मधला, शेवटचा आठवडा. बायको सोडून गेलेली, दारू वाढलेली, संशोधनातला रस आटलेला, कम्युनिस्ट मित्रांपासूनही तुटलेपण आलेलं. कार्लो चेक्कीने रंगवलेला हा प्राध्यापक रेनकोट अडकवून शहरभर भटकतो, विद्यार्थ्यांची परीक्षा घेतो, तुसडेपणाने बोलतो, मध्येच मिश्कील होतो. ८ मे रोजी तो राहत्या घरी स्वतःवर गोळी झाडतो. का, याचं उत्तर कुठलाही प्रसंग देत नाही.

या निवडीची किंमतही आहे. गणित पडद्यावर नावापुरतंच येतं. १९५२ च्या सुमारास काच्चोप्पोलीने वेड्यावाकड्या संचांचीही परिमिती मोजता येईल अशी कल्पना मांडली होती. तिच्यावर कडक टीका झाली. पण तरुण एन्नियो दे जोर्जीने ती पक्क्या पायावर उभी केली आणि त्या संचांना काच्चोप्पोलीचंच नाव दिलं. म्हणजे माणूस ढासळत होता त्याच वर्षांत त्याची कल्पना मूळ धरत होती. ही विसंगती चित्रपटाच्या हातून निसटली आहे.

पुढचा हिशेब मात्र भरघोस आहे. आन्ना बोनायुतो इथे पत्नीच्या भूमिकेत होती; १९९५ मध्ये एलेना फेर्रान्तेच्या पहिल्या कादंबरीवर मार्तोनेने चित्रपट केला, त्याची ती नायिका झाली. छोट्या भूमिकेतला तोनी सेर्विल्लो पुढे पाओलो सोर्रेन्तिनोच्या चित्रपटांचा चेहरा बनला. मार्तोने स्वतः चरित्रपटांकडे परतला: २०१४ मध्ये कवी लेओपार्दी, २०२१ मध्ये नाटककार स्कार्पेत्ता. हे चित्रपट अधिक ऐसपैस, अधिक देखणे आहेत. पण मोठ्या माणसाचं आयुष्य सुसंगत कहाणीत बसवायचा मोह त्यांना पुरता आवरलेला नाही. पहिल्या चित्रपटाने तो आवरला, आणि म्हणून काच्चोप्पोलीला समजल्याचं खोटं समाधान तो प्रेक्षकाला देत नाही. चरित्रपटांचं पीक आलेल्या आजच्या काळात असा संयम दुर्मीळच.