ठेव कोणाच्या नावे, व्याज कोणाच्या माथी?

व्यापारी घराण्यात जमाखर्चाची शिस्त लहानपणापासूनच अंगी बाणलेली असते. पेढीची रोकड जुळल्याशिवाय जुना मालक दिवेलागणीला घरी जात नसे. दिवाळीला वह्यांचे पूजन होते, ते याच शिस्तीचे पूजन. परंतु हाच गृहस्थ पासष्टी ओलांडून दुकान मुलाच्या हाती सोपवतो, आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवतो आणि मग मात्र घरच्या ठेवींची वही लिहीत नाही. पावत्या कपाटात असतात; काही स्वतःच्या नावे, काही पत्नीच्या, काही दोघांच्या. कोणती रक्कम कोठून आली हे त्याला एकट्याला ठाऊक. पत्नीला ठाऊक असते ते एवढेच, की सही कोठे करायची.

दर एप्रिलमध्ये बँकेत हेच दृश्य दिसते. टीडीएस न कापण्याच्या निवेदनाचे कागद पुढे सरकतात, पती बोटाने जागा दाखवतो आणि पत्नी सही करते. साठ वर्षांवरील ठेवीदाराने, आपल्या अंदाजित उत्पन्नावर कर शून्य असल्याचे सांगून व्याजातून टीडीएस कापू नये, अशी विनंती करणारे हे निवेदन आहे. त्याच्या अखेरीस बारीक अक्षरांत आणखी एक कबुली असते: हे उत्पन्न आयकर कायद्यानुसार अन्य कोणाच्याही उत्पन्नात मिळवले जाण्याजोगे नाही. बहुतेक जोडप्यांनी ही ओळ कधी वाचलेली नसते. घरच्या ठेवींचा सारा प्रश्न मात्र तिच्यातच सामावलेला आहे.

दोन करदाते, परंतु एक अट

भारतीय आयकर कायदा पती-पत्नींना दोन स्वतंत्र करदाते मानतो. दोघांची विवरणपत्रे वेगळी, करमुक्त मर्यादाही वेगळी. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. आणि एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए च्या सवलतीमुळे देय कर शून्यावर येतो. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला ही सवलत लागू होत नाही, हे गुंतवणूकदार कुटुंबांनी विसरू नये.

साहजिकच मोह होतो, की पुंजी दोघांत वाटली म्हणजे करही वाचेल. येथे आयकर कायदा आड येतो. पतीने योग्य मोबदला न घेता स्वतःचा पैसा पत्नीला दिला, तर त्या पैशावरील उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पत्नीने पतीला दिल्यास हाच नियम उलट दिशेने लागू होतो. देणगी देण्यास कायद्याची हरकत नाही आणि ती स्वीकारताना पत्नीला करही पडत नाही. त्या देणगीतून येणाऱ्या व्याजाचा कर मात्र देणाऱ्याच्या माथी राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापूरच्या एका निवृत्त कापड व्यापाऱ्याला गाळ्याच्या भाड्यापोटी ३ लाख रुपये करपात्र उत्पन्न आहे आणि स्वतःच्या नावावरील ठेवींचे ७ लाख ८० हजार रुपये व्याज मिळते. दुकानाच्या पुंजीतले ६० लाख रुपये त्याने पत्नीच्या नावे ७ टक्क्यांनी ठेवले आहेत; त्यांचे व्याज ४ लाख २० हजार. पत्नीला अन्य उत्पन्न नाही. वेगवेगळी विवरणपत्रे भरली तर पतीचे उत्पन्न १० लाख ८० हजार, पत्नीचे ४ लाख २० हजार, आणि दोघांचाही कर शून्य. कायद्याप्रमाणे मात्र पतीचे उत्पन्न १५ लाख होते आणि उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये कर द्यावा लागतो. शून्य आणि लाख यांमधले हे अंतर पत्नीच्या त्या एका सहीने झाकले जाते. उत्पन्न कमी दाखवल्यास बुडालेल्या कराच्या ५० टक्के आणि चुकीची माहिती दिल्यास २०० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सुनेच्या नावे ठेव ठेवणाऱ्या सासू-सासऱ्यांनाही हाच नियम आहे. त्या व्याजाची गणना सासऱ्यांच्या अथवा सासूबाईंच्या, म्हणजे देणाऱ्याच्याच, उत्पन्नात होते.

पत्नीचे स्वतःचे काय?

याचा अर्थ पत्नीच्या नावावरची प्रत्येक ठेव पतीची असते असा नाही. माहेरून मिळालेली रक्कम, वारसाहक्काने आलेला वाटा, स्वतःची कमाई, स्त्रीधनाच्या विक्रीतून आलेला पैसा हे सारे तिचेच. त्यावरील व्याजही तिचेच. सज्ञान मुलाने आईला दिलेली देणगी करमुक्त असते आणि तिचे व्याज आईच्याच उत्पन्नात धरले जाते. आणखी एक बारकावा असा, की पतीने दिलेल्या रकमेचे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळत असले, तरी ते व्याज पत्नीने पुन्हा गुंतवल्यास त्या व्याजावरचे व्याज तिचे ठरते. वीस वर्षे चाललेल्या ठेवीत हा भाग लहान नसतो. मात्र मुद्दल आणि व्याज एकाच पावतीत मिसळत गेले असल्यास तो वेगळा दाखवणार कसा? म्हणूनच वही हवी.

संयुक्त ठेवीत बँक पहिल्या नावाच्या पॅनवर व्याज आणि टीडीएस नोंदवते. कर मात्र नावांच्या क्रमाने ठरत नाही. पैसा ज्याचा, व्याज त्याचे. पैसा दुसऱ्या धारकाचा असल्यास, किंवा व्याज कायद्याने पतीच्या उत्पन्नात जाणार असल्यास, पहिल्या धारकाने बँकेला तसे लेखी निवेदन द्यावे, म्हणजे टीडीएसचे श्रेय योग्य पॅनवर जाते. अशा ठेवीसाठी टीडीएस न कापण्याचे निवेदन देऊ नये.

वजावट आणि कपात

पन्नास हजारांची सवलत अनेकांच्या मनात पक्की बसली आहे. ही वजावट ज्येष्ठ नागरिकांना बँक, सहकारी बँक व टपाल खात्यातील ठेवींच्या व्याजावर मिळते. परंतु केवळ जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही. पेढीतील भांडवलावर किंवा कंपनीच्या ठेवींवर मिळणाऱ्या व्याजाला ती कोणत्याच प्रणालीत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बँक-व्याजावर टीडीएसची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये झाली आहे. टीडीएस कापला नाही म्हणजे कर माफ झाला, हा समज मात्र चुकीचा आहे. व्याजाची नोंद आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात उमटतेच.

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही. पण नावापुरते का होईना, पेढीत भागीदार राहून जो मानधन वा भांडवलावरील व्याज घेतो, त्याचे ते उत्पन्न व्यवसायाचे ठरते आणि ही मुभा त्याला मिळत नाही.

सहीपूर्वी वही

उपाय साधा आहे. एक वही घ्यावी. प्रत्येक ठेवीला एक पान द्यावे. तारीख, रक्कम, पैसा कोठून आला, व्याज कोणत्या खात्यात जमा होते आणि ते कोणाच्या विवरणपत्रात दाखवले, हे त्यावर लिहावे. देणगी असेल तर तिचा कागद जोडावा. आणि ही वही पत्नीसमवेत लिहावी. कारण पती-पत्नीचे नाते जोवर आहे तोवरच व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्याचा नियम लागू असतो. पतीच्या पश्चात देणगीच्या ठेवीचे व्याज तिचेच उत्पन्न होते, वारसाहक्काने आलेल्या ठेवींची त्यात भर पडते आणि दोघांच्या जागी एकच करमुक्त मर्यादा उरते. त्या दिवशी वहीतली पाने तिला प्रथमच उलगडावी लागू नयेत.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. राज्याच्या नियमांचे उल्लंघन असा त्याचा अर्थ केला जातो. म्हणजे करचुकवेगिरी हा श्रावकाच्या दृष्टीने केवळ दंडाचा विषय राहत नाही. पतीने व्रताला जपावे आणि पत्नीकडून न वाचलेल्या कागदावर असत्य वदवावे, हे एका घरात शोभत नाही. येत्या खेपेस तो कागद पुढे आला, की आधी अखेरची ओळ दोघांनी मिळून वाचावी आणि मगच लेखणी उचलावी.