नाताळ : उगम, परंपरा आणि मराठी रूप

प्रस्तावना : यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या हंगामात येणारा नाताळ हा ख्रिस्ती समाजाचा प्रमुख सण होय. हा सण पूर्णतः पाश्चात्त्य आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचा उगम व मराठी रूप यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

तिथीचा उगम : शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तिथी दिलेली नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ३५४ च्या रोमन संकलनात सापडतो. त्यातील नोंद ३३६ पर्यंत मागे जाते. काही अभ्यासक या तिथीचा संबंध रोममधील 'अजिंक्य सूर्या'च्या उत्सवाशी जोडतात. इतरांच्या मते, २५ मार्च ही गर्भधारणेची तिथी मानून पुढे नऊ महिने मोजले गेले. दोन्ही मते अनुमानात्मक असल्याने त्यांपैकी एकच अंतिम सत्य म्हणून वर्गात सांगणे योग्य ठरत नाही. आर्मेनियन चर्च हा सण ६ जानेवारीलाच पाळते. जन्मदेखाव्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे रूढ केली.

मराठी रूप : 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला असून त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत आणली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. यवतमाळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य सुरू झाले. १९५३ मध्ये येथे स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली. अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनच्या या प्रदेशातही सणाचे नाव मात्र कोकण-गोव्याकडील पोर्तुगीज वळणाचेच राहिले, ही बाब लक्षणीय आहे. मराठी ख्रिस्ती घरांतून केकसोबत करंजी, चकली, लाडू असा फराळही होतो.

समारोप : सारांश, नाताळची श्रद्धा एक असली तरी त्याची तिथी, नाव व आचार वेगवेगळ्या भूमींत घडले. त्यास केवळ 'परका सण' मानल्यास मराठी ओवी-अभंगाच्या परंपरेचाच एक भाग नजरेआड होतो. भाषा, इतिहास व समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापनात याची दखल घेणे आवश्यक आहे.