तिकीट हरवतं, तारीख हरवत नाही

आपल्या तालुक्यातालुक्यातली मुलं आता अमेरिकेत आहेत. तिथे पोहोचल्यावर ती आधी गाडी घेतात, कारण बहुतेक शहरांत बसची सोय जेमतेमच. गाडी आली की कधीतरी मागे लाल-निळे दिवे लुकलुकतात, गाडी बाजूला घ्यावी लागते आणि हातात एक कागद पडतो. त्याला तिथे ‘ट्रॅफिक तिकीट’ म्हणतात. आपल्याकडे तिकीट म्हणजे एस.टी.चं, नाही तर सिनेमाचं. हे तिकीट मात्र कोर्टाचं असतं, आणि घोटाळा होतो तो इथेच.

त्या कागदाचं कायदेशीर नाव ‘साइटेशन’. मी कवितेतला माणूस. साइटेशन म्हणजे ग्रंथातल्या एखाद्या ओळीचा हवाला, एवढंच मला ठाऊक होतं. पण त्या शब्दाचा जुना अर्थ ‘बोलावणं’ असा आहे. कोर्ट बोलावतं, म्हणून साइटेशन. पोलीस त्यावर सही मागतो तेव्हा आपली मुलं घाबरतात. त्यांना वाटतं, गुन्हा कबूल केला. तसं नसतं. टेक्साससारख्या राज्यात ती सही म्हणजे ‘दिलेल्या तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन’ एवढंच वचन असतं. सही नाकारली तर मात्र अटकेची वेळ येऊ शकते. आणखी एक गोष्ट. रस्त्यावर पोलिसाच्या हातात पैसे द्यायचे नसतात. तसा हात पुढे करणं म्हणजे लाच देऊ करणं ठरतं.

मग पैसे भरायचे कुठे? आपल्याकडे ई-चलन आल्यापासून गाडीचा नंबर टाकला की राज्यातली चलनं एका ठिकाणी दिसतात. अमेरिकेत सगळ्या देशाची अशी एक खिडकी नाही. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. एकट्या टेक्सासमध्ये त्या २५४ आहेत. कोर्टांची रचना प्रत्येक राज्याची वेगळी. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आणि प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट; तिकिटं तिथे जातात. टेक्सासमध्ये शहराच्या पोलिसाने तिकीट दिलं तर ते साधारणपणे शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. काउंटीच्या शेरीफने किंवा हायवेवरच्या राज्य पोलिसाने दिलं तर काउंटीतल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’च्या कोर्टात. न्यूयॉर्क शहरात तर रस्त्यावरच्या अशा बहुतेक तिकिटांचं काम कोर्टाकडे नसून मोटार वाहन खात्याच्या वेगळ्या कार्यालयाकडे आहे.

म्हणून कागद हाती आल्यावर आधी तीन गोष्टी वाचाव्यात : कोर्टाचं नाव, तिकिटाचा क्रमांक आणि उत्तर देण्याची शेवटची तारीख. कागद हरवला तर दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : गाडी कुठल्या काउंटीत अडवली आणि अडवणारा कुणाचा पोलीस होता? त्यावरून कोर्ट सापडतं. पुष्कळ कोर्टांच्या संकेतस्थळांवर नाव, जन्मतारीख किंवा लायसन्स क्रमांक घालून तिकीट शोधता येतं. नाही सापडलं तर कोर्टाच्या क्लार्कला फोन करावा. तिकीट कोर्टाच्या दफ्तरी चढायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर नाव दिसलं नाही म्हणून ‘सुटलो’ असं समजू नये.

माझा भाचा डॅलसजवळ राहतो. त्याच्याकडे मुक्कामाला असताना त्याच्या खोलीतल्या मित्राची गोष्ट कळली. मुलगा आपल्या मराठवाड्यातला, हुशार. विद्यार्थी असताना वेगाचं एक तिकीट मिळालं. परीक्षेच्या गडबडीत ते पुस्तकांच्या ढिगाखाली गेलं. काही वर्षांनी लायसन्सच्या नूतनीकरणाला गेला तर खिडकीवरून उत्तर आलं, जुन्या कोर्टाचा हिशेब मिटवल्याशिवाय लायसन्स मिळणार नाही. मूळ दंडावर वाढीव शुल्क चढलं होतं, आणि लायसन्सशिवाय नोकरीवर जायचं कसं, हा प्रश्न होता. भाचा मला म्हणाला, ‘‘मामू, इथे पोलीस विसरतो, पण कोर्ट विसरत नाही.’’ त्या मुलाच्या नावाने अटकेचं वॉरंट निघालं नव्हतं, हे नशीब. तारीख चुकवल्यावर तेही निघू शकतं. राज्य सोडून गेल्यानेही सुटका नाही. बहुतेक राज्यांनी एकमेकांना अशी माहिती कळवण्याचे करार केले आहेत.

उत्तर देण्याच्या वाटा साधारण तीन. पहिली, दंड भरून मोकळं होणं. पण टेक्साससारख्या ठिकाणी नुसते पैसे भरले तरी दोष सिद्ध झाल्याची नोंद होते, आणि त्याने गाडीच्या विम्याचा हप्ता वाढू शकतो. दुसरी, सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग. टेक्सासमध्ये मागच्या बारा महिन्यांत ही सवलत घेतलेली नसेल आणि वेग मर्यादेपेक्षा ताशी २५ मैलांनी किंवा अधिक नसेल, तर कोर्टाकडे वेळेत अर्ज करून हा वर्ग पुरा करता येतो, आणि तिकीट रद्द होतं. तिसरी, ‘मी दोषी नाही’ असं सांगून सुनावणी मागणं. तो प्रत्येकाचा हक्क आहे. काही तिकिटं मात्र नुसते पैसे भरून मिटत नाहीत. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा त्याहून जास्त वेग हा फौजदारी गुन्हा आहे. तिथे वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आणि पैसेच नसतील तर? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ह्यूस्टनमध्ये प्रेस्टन टेट नावाचा एक गरीब माणूस होता. वाहतुकीच्या नऊ गुन्ह्यांचा मिळून ४२५ डॉलर दंड त्याच्यावर चढला. भरायला पैसे नव्हते. मग रोजचे पाच डॉलर धरून ८५ दिवस कैद. ज्या गुन्ह्याला कायद्यात फक्त दंड होता, त्याला गरिबासाठी तुरुंग झाला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एका खटल्यात सांगितलं की दंड थकला म्हणून कैदेत टाकण्याआधी, माणूस मुद्दाम भरत नाही की त्याला भरणं शक्यच नाही, हे पाहिलं पाहिजे.

निकाल कागदावर आला तरी तो गावोगावी पोहोचतोच असं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मिसुरीतल्या फर्ग्युसन या गावाचा अहवाल काढला. वस्ती सुमारे २१ हजार. आणि तिथल्या कोर्टाची थकित वॉरंटं १६ हजारांहून अधिक लोकांच्या नावाने होती. त्यातले सगळे गावचे रहिवासी नव्हते, पण कोर्ट न्यायापेक्षा गावाच्या तिजोरीकडे बघत होतं आणि त्याचा भार काळ्या नागरिकांवर पडत होता, असं त्या अहवालाने दाखवलं.

म्हणून पैसे नसतील तर लपू नये, कोर्टापुढे जावं. अनेक ठिकाणी हप्ते बांधून मिळतात, दंडाऐवजी समाजसेवा करता येते, कधी रक्कम कमीही होते. पण हे सगळं मागावं लागतं, आणि तारखेच्या आत मागावं लागतं.

आता नवं संकट बनावट संदेशांचं. ‘तुमचं तिकीट थकलंय, या दुव्यावर पैसे भरा’ असे मोबाइलवर येतात. आपल्याकडे ई-चलनाच्या नावाने येतात तसेच. त्या दुव्याला हात लावू नये. कागदावर छापलेल्या कोर्टाच्या फोनवरच विचारावं, आणि पैसे भरल्यावर पावती जपून ठेवावी.

तुमचं कुणी तिकडे असेल तर पुढच्या फोनवर जेवलास का, थंडी किती, हे विचारून झाल्यावर एवढंही विचारा : कोर्टाचा एखादा कागद कुठे पुस्तकाखाली दबलेला नाही ना?