अमळनेरचा शेअर आणि आपला संयम

वाचकहो, शेअर बाजार म्हटले की आपल्या वस्तीत 'सट्टा' हाच शब्द पुढे येतो. पण बाबासाहेबांनी १९१७-१८ च्या सुमारास मुंबईत शेअर व गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके तुटली. जे दार तेव्हा बंद झाले, ते आज उघडे आहे. मात्र आत जाताना शिस्त हवी.

उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. १९४५ साली महंमद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले आणि मुलाबाळांसाठी सांभाळले. १९९७ च्या बोनसआधीचा एक शेअर ज्याने विकला नाही, त्याचे बोनस व विभागणी धरून २०२४ अखेर ८०० शेअर झाले. अर्थात पैसा ८०० पट झाला असे नव्हे, कारण बोनसनंतर भाव त्या प्रमाणात उतरतो. शिवाय २००० नंतर संगणक कंपन्यांचे भाव कोसळले, तो काळही सोसावा लागला.

पण प्रत्येक कंपनी विप्रो नसते. २००९ साली सत्यमचे हिशेब खोटे निघाले. तेथे नुसता धीर कामाला आला नाही. म्हणून सगळी पुंजी एकाच कंपनीत घालू नये.

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक संकटकाळासाठी. हमाली किंवा रोजंदारी करणाऱ्या घरात चौथा भाग निघणे कठीण, हे खरे. तरी क्रम तोच ठेवावा. आधी कर्ज फेडावे, मग दवाखान्यासाठी व मुलांच्या फीसाठी पैसे बँकेत ठेवावेत. त्यातून उरेल ते, दरमहा पाचशे का होईना, म्युच्युअल फंडात दहा-पंधरा वर्षांसाठी घालावे. पैशाची नड नसेल, तरच माणसाला पडत्या बाजारात धीर धरता येतो.

'महिन्यात दुप्पट' म्हणणाऱ्यापासून तरुणांनी दूर राहावे. सेबीच्या २०२४ च्या पाहणीत, मागील तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला.

खंती, म्हणजे सहनशीलता, ही दहा पारमितांपैकी एक. पण धम्म डोळे मिटून सोसायला सांगत नाही. पारखून घ्यावे, मग धीर धरावा.

जय भीम!