‘९७ टक्के बर्फ वितळला’ म्हणजे नेमकं काय?

जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडचा एक आकडा जगभर फिरला. ८ जुलैला तिथल्या हिमचादरीच्या सुमारे ४० टक्के पृष्ठभागावर वितळण्याच्या खुणा होत्या, १२ जुलैला ९७ टक्के भागावर. घाईत वाचणाऱ्याला वाटावं, ग्रीनलंड संपलंच! प्रत्यक्षात मधोमध तीन किलोमीटरहून जाड असलेला तो बर्फ जागच्या जागी होता. आकडा खरा होता, पण तो क्षेत्रफळाचा होता, बर्फाच्या साठ्याचा नव्हे. वरचा थर कुठेकुठे ओला झाला, एवढंच तो सांगत होता.

हे ओलेपण उपग्रहाला कळतं कसं, याबद्दलही बरेच घोळ आहेत. मायक्रोवेव्ह म्हटलं की ओव्हन आठवतो, आणि उपग्रह वरून हिमावर लहरींचा मारा करत असेल असं वाटतं. रडार स्वतः लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या टिपतं, हे खरं. आपल्या ओशनसॅट-२ वरचा स्कॅटरोमीटर त्याच जातीचा. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले सोन न्गिएम यांना ती अचाट ओल आधी दिसली, ती याच भारतीय उपग्रहाच्या माहितीत. आकडे इतके विचित्र होते, की माहितीतच काही चूक असावी अशी शंका त्यांना आली. पडताळणीसाठी इतर उपग्रह धुंडाळले गेले, त्यांत अमेरिकी हवामान उपग्रहावरचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता. रेडिओमीटर खाली काहीही सोडत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेमुळे क्षीण मायक्रोवेव्ह लहरी बाहेर टाकतच असते, गोठलेलं हिमसुद्धा. हे यंत्र त्या फक्त गोळा करतं. त्यामुळे ध्रुवावरची लांबलचक रात्र त्याला आड येत नाही, आणि ढगांचाही फारसा अडसर होत नाही.

सगळ्यात चकवणारा गैरसमज मात्र तापमानाचा. या मोजणीचं उत्तर केल्विनमध्ये येतं आणि त्याला दीप्ती-तापमान म्हणतात, म्हणून ते थर्मामीटरचं तापमान समजलं जातं. ढोबळमानाने तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो: हिमाचं खरं तापमान आणि त्याची उत्सर्जनक्षमता.

समजा, कोरडं हिम उणे ३ अंश सेल्सियसला, म्हणजे २७० केल्विनला आहे. उत्सर्जनक्षमता ०.७ धरली, तर उपग्रहाला दिसतील १८९ केल्विन. सेल्सियसमध्ये उणे ८४! कोरड्या हिमाचे कण खालून येणाऱ्या लहरी इकडेतिकडे विखुरतात, त्यामुळे वर पोचतं ते थोडंच. आता हवा तापली आणि कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरला. पाणी या लहरी जोमाने शोषतं, आणि जे चांगलं शोषतं ते चांगलं उत्सर्जितही करतं. उत्सर्जनक्षमता ०.९५ झाली, तर २७३ केल्विनचं हिम दिसेल २५९ केल्विनचं. हिम तापलं तीन अंशांनी, आकडा चढला सत्तरने. वितळणं ओळखण्याची सारी युक्ती या उडीत आहे, आणि त्यासाठी हिमात एखादा टक्का पाणीही पुरतं. पण म्हणूनच पाणी किती झालं हे त्या उडीवरून नीट सांगता येत नाही. ओलं की कोरडं, एवढाच निवाडा खात्रीचा.

शिवाय वितळलेलं सगळं पाणी समुद्राला मिळत नाही. उंचावरच्या भागात बरंचसं खालच्या सच्छिद्र हिमात झिरपतं आणि तिथेच पुन्हा गोठतं. त्याचा कठीण पापुद्रा बनतो, आणि लहरींच्या आडव्या व उभ्या कंपनांच्या (ध्रुवीकरणाच्या) मोजणीतला फरक वाढल्यावर रेडिओमीटरला तोही जाणवतो. ग्रीनलंडच्या शिखरभागातल्या हिमगाभ्यांत असे जुने थर सापडतात. २०१२ च्या आधीचा असा थर १८८९ चा.

‘पृष्ठभाग’ हेही सैलसर बोलणं आहे. कोरड्या हिमात ३७ गिगाहर्ट्झच्या लहरी साधारण मीटरभर खोलीवरून येतात, १९ च्या आणखी खालून. ओल आली की ही नजर वरच्या थरातच अडते.

फोटोसारखं बारीक चित्र मिळेल, ही अपेक्षाही फोल. या लहरी क्षीण आणि लांब असल्याने जुन्या नोंदींतली एकेक चौकट २५ किलोमीटर लांबीरुंदीची असते. डोंगरकडा, खडक, हिम, सगळ्यांची त्यात सरासरी.

हे तंत्र भारताला नवं नाही. १९७९ च्या भास्कर-१ वर ‘समीर’ नावाचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता, आणि १९९९ च्या ओशनसॅट-१ वरच्या रेडिओमीटरने अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फही पाहिला.

राहिला उत्तर ध्रुवावरचा तो गोल डाग. अशा मोजणीतून बनलेल्या आर्क्टिकच्या नकाशात मधोमध रिकामी जागा दिसते आणि तिथे काहीतरी लपवलंय अशा कथा रंगतात. उपग्रहांची कक्षा ध्रुवावरून नेमकी जात नाही, थोडी बाजूने जाते, आणि यंत्राच्या पट्ट्याची कड तिथवर पोचत नाही, इतकंच. १९७८ च्या निंबस-७ ला ८४.५ अंश अक्षांशापलीकडचं दिसत नव्हतं, १९८७ पासूनच्या यंत्रांना ८७.२ पर्यंतचं दिसू लागलं, आणि त्यानंतरच्या पिढीत तो डाग ८९ अंशांच्याही वर सरकला.