मोठ्यांच्या दातांना तार: तीन शतकांचा मागोवा

वेडेवाकडे, दाटीने एकमेकांवर चढलेले दात मोठेपणी सरळ होत नाहीत, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकून राहिली. तिला शरीरशास्त्राचा आधार फारसा नव्हता. अडचण होती ती साधनांची. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात धातूची नालेच्या आकाराची पट्टी दातांना दोऱ्याने बांधून ते रांगेत ओढण्याची रीत सांगितली होती. पण अशा पट्टीने दात नुसता कलतो, मुळासकट सरकत नाही.

दात हाडातून सरकतो कसा, याचा उलगडा स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५च्या सुमारास कुत्र्यांवरील प्रयोगांतून केला. दाब पडतो त्या बाजूचे हाड झिजते आणि ताण बसतो त्या बाजूला नवे हाड भरते. वयाबरोबर ही क्रिया मंदावते, थांबत नाही. थांबते ती जबड्याची वाढ, आणि प्रौढांच्या उपचारातली शारीरिक मर्यादा तीच आहे. टाळूच्या मध्यावरचा सांधा घट्ट झालेला असल्याने वरचा जबडा मुलांइतका सहज रुंदावता येत नाही, आणि दोष जबड्यांच्या ठेवणीतच असेल तर शस्त्रक्रियेशिवाय तो पुरता जात नाही.

मग दातांना जागा आणायची कुठून? अमेरिकेतले एडवर्ड अँगल हे दात सरळ करण्याच्या शाखेचे प्रवर्तक. १८९९ साली त्यांनी केलेले दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण अजून वापरात आहे. एकही दात काढायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी मात्र दात न काढता केलेले आपले उपचार बिघडताना पाहिले, काही रुग्णांच्या उपदाढा काढून ते नव्याने केले आणि १९४०च्या दशकात गुरूची शिकवण मोडून काढली. आज दाटी थोडी असेल तर दातांच्या कडांचे एनॅमल किंचित घासून भागते. जास्त असेल तर उपदाढा काढाव्या लागतात.

जागेचा प्रश्न सुटला तरी त्या काळी नोकरी करणारा माणूस तार लावायला धजत नसे, कारण प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा चढवावा लागे. हा पट्टा सुटला तो मायकेल बुओनोकोर यांच्या १९५५च्या शोधामुळे: एनॅमलवर आम्ल लावून ते खरबरीत केले की त्यावर चिकटद्रव्य पक्के बसते. साठच्या दशकात तार धरणारे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याचे प्रयोग झाले. सत्तरच्या दशकात निकेल-टायटॅनियमची लवचीक तार आली, तेव्हा दाताला हलका दाब सतत देता येऊ लागला. त्याच सुमारास दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा दोन देशांत स्वतंत्रपणे निघाल्या. जपानच्या किन्या फुजिता यांना युद्धकलांच्या खेळांत ओठ फाटू नयेत ही काळजी होती, तर कॅलिफोर्नियाच्या क्रेव्हन कुर्झ यांना रुग्णांच्या दिसण्याची. पुढचा इतिहास कुर्झ यांच्या बाजूने गेला.

१९९७ साली झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी स्थापन केली. चिश्ती यांनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या. संगणकावर आखलेले पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर, एकामागून एक बदलायचे, प्रत्येकाने दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा, अशी ही पद्धत. प्रौढांची लाज तिने घालवली, तारांची गरज मात्र पूर्णपणे घालवली नाही. गोल आकाराची उपदाढ फिरवणे किंवा दात खाली ओढणे यांत अलायनर अजून उणा पडतो, आणि तो दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात नसेल तर निरुपयोगी ठरतो.

दंतवैद्याने समोर बसवून न तपासताच अलायनर घरी पाठवणारी अमेरिकन कंपनी स्माइलडायरेक्टक्लब २०१४ साली निघाली आणि डिसेंबर २०२३मध्ये उपचार अर्धवट असलेल्या ग्राहकांना तसेच सोडून बंद पडली. ही पद्धत मुळातच धोक्याची होती. प्रौढांत हिरड्यांचा आजार सर्रास आढळतो, आणि सुजलेल्या हिरडीतला दात ओढला तर त्याभोवतीचे हाड झपाट्याने जाते.

एक प्रश्न तीन शतकांनंतरही सुटलेला नाही. सरळ केलेले दात पुन्हा वळतात. सिएटलमध्ये रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९८१ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार, रिटेनर, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन, बंद केल्यानंतर दहा वर्षांनी खालचे पुढचे दात समाधानकारक स्थितीत असलेले रुग्ण एक तृतीयांशही नव्हते. उपचार न घेतलेल्या माणसाचेही हे दात वयाबरोबर दाटत जातात. म्हणून आता खालच्या पटाशीच्या दातांमागे बारीक तार चिकटवतात किंवा रात्री घालायचा रिटेनर देतात, आणि त्याला मुदत घालत नाहीत.